पाच टक्के भाजला, शंभर टक्के बुडाला

जुलै २०२५ मध्ये आमच्या जबलपूरच्या युनियन ऑफिसात एक निवृत्त गँगमन आपल्या तीस वर्षांच्या मुलाला घेऊन आला. बाप आमचा जुना सभासद, पावती बुकात नाव आहे. मुलगा रेल्वेत नाही, जहाजावर होता. चहा मागवला. पोराने ग्लासाला हात लावला नाही. बापाने चहा बशीत ओतला आणि फुंकर घालून बशी त्याच्या तोंडाला लावली. पोरगा मान खाली घालून प्यायला. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, बोटे आत वळून चिकटल्यासारखी, कातडी चकचकीत.

हकीगत अशी. किनाऱ्या-किनाऱ्याने माल नेणाऱ्या एका जहाजाच्या इंजिनरूममध्ये हा ऑइलर होता. सप्टेंबर २०२३ मध्ये जहाज आपल्याच देशातल्या एका बंदरात उभे असताना तेलाच्या पाइपचा जोड गळू लागला. जहाजाच्या इंजिनाला जाणारे जड तेल शंभर अंशांच्या वर तापवून मग पुढे जाते. त्या तेलाची चिळकांडी एक्झॉस्टच्या तापल्या पाइपवर पडली की भडका ठरलेला. याने पळ काढला नाही, व्हॉल्व्ह बंद केला. जहाज वाचले, हात गेले. कंपनीने इस्पितळात ठेवले, मांडीची कातडी काढून हातावर लावली. चौथ्या महिन्यात एक लाख रुपये, रेल्वेचे तिकीट आणि सही करायला एक कागद दिला. ‘यापुढे माझी कंपनीकडे कसलीही मागणी उरलेली नाही.’ सही त्या हाताने जमेना म्हणून अंगठा घेतला. अंगठा घेतला हे आम्ही दोनदा विचारून घेतले, कारण पोरगा बारावी पास आहे.

सोबत डॉक्टरचा दाखला होता. त्यात लिहिले होते: पाच टक्के भाजला, जखम बरी झाली.

आता कुणी म्हणेल, रेल्वेवाल्यांना आणि टपालवाल्यांना जहाजाची उठाठेव कशाला? ज्यांना असे वाटते त्यांनी आपला इतिहास आठवावा. वाफेच्या इंजिनावर फावडे मारणारा आपला आगवाला आणि वाफेच्या जहाजावर बॉयलरपुढे उभा राहणारा आगवाला यांचे नाव एक, काम एक. जहाजाच्या डेकवर रत्नागिरीचे आणि गुजराथचे खलाशी, खानसामे गोव्याचे, आणि खाली भट्टीपाशी पंजाब-सिल्हेटकडचे लोक, अशी गोऱ्यांनी वाटणी केली होती. भट्टी मात्र जात-प्रांत बघत नव्हती. आज आपल्या डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट आहेत. आरएमएसच्या भावांनी थैल्यांवर लाख ओतताना बोटाला बसलेला चटका विसरलेला नसेल. आणि जबलपूरकरांना तर सांगायलाच नको. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट झाला तेव्हा या गावाने भाजलेली माणसे पाहिली आहेत. कातडी सगळ्यांची सारखीच जळते, आणि कातडीचा हिशेब सगळ्यांचा सारखाच चुकवला जातो. तो कसा चुकवतात तेच आम्हाला या पानावर सांगायचे आहे.

गोम त्या ‘पाच टक्क्यां’त आहे. भाजलेला माणूस इस्पितळात आला की डॉक्टर पहिल्यांदा बघतात, अंगाची किती कातडी जळली. त्याचा एक ठोकळ हिशेब आहे. एक अख्खा हात खांद्यापासून बोटांपर्यंत नऊ टक्के, एक पाय अठरा टक्के, बोटांसह तळहात एक टक्का. सलाइन किती द्यायचे, जीव वाचेल की नाही, हे ठरवायला तो उपयोगी पडतो. डॉक्टरांची यात काही चूक नाही. या हिशेबाने दोन्ही हात मनगटापर्यंत पुढून-मागून भाजले तर सगळे मिळून होतात सुमारे पाच टक्के. इथवर ठीक. पण तोच कागद कंपनीच्या टेबलावर गेला की ‘पाच टक्के भाजला’ याचे ‘पाच टक्के अपंग’ होते, आणि ‘पाच टक्के अपंग’ याचे ‘पाच टक्के कमाई गेली’ होते. तीन वेगळ्या गोष्टी, तिन्हीला टक्का हाच शब्द. या एका शब्दावर मालकांनी किती पैसे वाचवले असतील त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

रुपयांत मांडून पाहू. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के रकमेला वयाच्या आकड्याने गुणतात. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८. पगार कितीही असो, जानेवारी २०२० पासून हिशेबाला धरायचा तो जास्तीत जास्त १५,०००. म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८, बरोबर १८,७१,८२० रुपये. याचे पाच टक्के काढा. ९३,५९१ रुपये होतात. कंपनीने दिले एक लाख! आम्हाला आधी वाटले होते की एक लाख हा आकडा कुणीतरी हवेतून काढला. नाही. हिशेब करूनच दिला आहे, आणि वर सहा हजार चारशे नऊ रुपयांची दया दाखवली आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात इजांची यादी आहे. दोन्ही हात गेले तर शंभर टक्के. एक अंगठा गेला तर तीस. एका हाताची चारही बोटे गेली तर पन्नास. तर्जनी पूर्ण गेली तर चौदा. चेहरा अतिशय विद्रूप झाला तर शंभर. ही यादी आम्ही कितीदा तरी वाचली आहे, आमच्या गँगमन आणि शंटिंगच्या लोकांसाठी वाचावीच लागते. तुटण्याची प्रत्येक तऱ्हा त्यात आहे. कुठल्या पेराशी तुटले, कोपराच्या वर की खाली, सगळे मोजूनमापून लिहिलेले. भाजणे हा शब्द त्या यादीत नाही. ज्या काळात ती यादी घडली त्या काळच्या साहेबाच्या डोळ्यापुढे पट्ट्यात हात अडकलेला गिरणी कामगार होता. हात तुटला की दिसतो. भाजलेला हात जागेवर असतो, फोटोत पूर्ण दिसतो, आणि त्याला पाना धरता येत नाही.

यादीच्या खाली मात्र एक छोटी टीप आहे, जी मालकाचा वकील कधी वाचून दाखवत नाही. एखाद्या अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला तर तो अवयवच गेला असे समजावे, अशा अर्थाची ती टीप आहे. बंधूंनो, ही ओळ कापून खिशात ठेवा. आणि वापर पूर्ण गेला नसेल तरी रस्ता बंद होत नाही. यादीत नसलेल्या इजेसाठी कमाईची ताकद किती घटली ते डॉक्टरने ठरवायचे असते. कमाईची ताकद म्हणतो आम्ही, कातडीचे क्षेत्रफळ नव्हे.

सुप्रीम कोर्टाने १९७५ सालीच एका सुताराच्या खटल्यात हे सांगून ठेवले आहे. सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालक म्हणाला, यादीप्रमाणे टक्के लावा. कोर्ट म्हणाले, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा हे पूर्ण अपंगत्व. भरपाईही निकालाच्या तारखेपासून नव्हे, अपघात झाला त्या दिवसापासून देणे लागते. पन्नासेक वर्षे झाली या निकालाला. तरी दर नव्या पोराला तो पुन्हा नव्याने सांगावा लागतो.

आमच्या या ऑइलरच्या बाबतीत तर मालकाला तोंडच उरत नाही. जहाजावर चढायला वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला लागतो, तो जास्तीत जास्त दोन वर्षे चालतो. पोरगा मुंबईला मान्यताप्राप्त डॉक्टरकडे गेला. शिडीचा दांडा धरता येत नाही, दोर पकडता येत नाही, आणि लावलेल्या कातडीला घाम येत नाही म्हणून इंजिनरूमची उष्णता सोसत नाही. शेरा मिळाला: जहाजावरील कामास अयोग्य. म्हणजे एक डॉक्टर म्हणतो पाच टक्के, दुसरा म्हणतो समुद्राचे दार कायमचे बंद. दोन्ही कागद एकाच पिशवीत घेऊन तो गावभर फिरत होता आणि दोन्ही एकत्र ठेवून वाचायला त्याला कुणी सांगितले नव्हते.

‘दुसरे काही करेल की, पहारेकरी होईल,’ असे आम्हाला एका शहाण्या माणसाने सुनावले. होईल ना. रात्री फाटकाला कुलूप लावताना बोलवू त्या शहाण्याला.

दुसरी मेख मुदतीची आहे. जहाज कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. चांगला करार आहे, आम्ही त्याचे स्वागत केले होते. आजारी किंवा जखमी खलाशाच्या औषधपाण्याचा खर्च जहाजमालकाने करायचा. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास पैसे मिळतील याची हमी आधीच घेऊन ठेवायची. त्या हमीचा कागद जहाजावर सर्वांना दिसेल असा लावायचा, हे २०१७ पासून लागू झाले. पण त्यात एक फट आहे. मालकाची औषधपाण्याची आणि पगाराची जबाबदारी देशाच्या कायद्याने मर्यादित करता येते, फक्त ती इजेच्या दिवसापासून सोळा आठवड्यांपेक्षा कमी करता येत नाही. सोळा आठवडे म्हणजे ११२ दिवस. मोडलेले हाड तेवढ्यात सांधत असेल. भाजल्याचा व्रण वर्ष-दीड वर्ष आतल्या आत आवळत राहतो, बोटे ओढून घेतो, मग पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा पट्ट्या, पुन्हा व्यायाम. चौथ्या महिन्यात जो हात उघडतो तो दहाव्या महिन्यात मिटतो. आणि आमच्या पोराला कंपनीने कधी मोकळे केले? चौथ्या महिन्यात. हा योगायोग म्हणायचा असेल तर म्हणावा.

जळणारे जहाज ही काही नवलाची गोष्ट नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटले. आत सुमारे चौदाशे टन दारूगोळा, त्याच जहाजात कापसाच्या गासड्या आणि तेलाची पिंपे, आणि सोन्याच्या विटा. दुपारी धूर दिसला, चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्यासाठीच. पण गोदीतली, आसपासच्या वस्तीतली एकूण किती माणसे गेली? कुणी आठशेच्या घरात सांगते, कुणी तेराशे. सोन्याच्या विटा मात्र पुढे गाळ उपसताना सापडत राहिल्या आणि प्रत्येक विटेची नोंद झाली. हमालाची नोंद कुणी करायची?

अलीकडचे घ्या. २७ जुलै २००५. मुंबईत आदल्या दिवशीचा तो पूर, हेलिकॉप्टर उडेना. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटे कापली होती, त्याला उपचारासाठी बॉम्बे हायच्या प्लॅटफॉर्मवर चढवायला जहाज जवळ नेले. ते वायूच्या पाइपवर आदळले आणि दोन तासांत सगळा प्लॅटफॉर्म जळून समुद्रात गेला. बावीस माणसे गेली. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी कोचीन शिपयार्डमध्ये दुरुस्तीला आलेल्या ‘सागर भूषण’ या जहाजावर स्फोट होऊन पाच कामगार गेले. ९ जून २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्यापुढे ‘वान हाय ५०३’ हे कंटेनरचे जहाज पेटले. चौघे बेपत्ता झाले, वाचवलेल्या अठरा जणांतल्या भाजलेल्यांना मंगळूरच्या इस्पितळात आणले. मेलेल्यांची बातमी येते. भाजून वाचलेल्यांची बातमी इस्पितळाच्या दारात संपते, आणि आमचा प्रश्न त्या दाराच्या बाहेर सुरू होतो.

‘कामगाराचीच बेपर्वाई’ हे मालकाचे हुकमी पान. हातमोजे नव्हते, सूट नीट घातला नव्हता. आम्ही विचारतो, सूट दिला कुणी? आणि कशाचा दिला? सुती कापड जळते, पण स्वस्तातले नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. कायद्यातही या पानाला मर्यादा आहे. दारू प्यायला होता, किंवा जाणूनबुजून हुकूम मोडला, सुरक्षेचे साधन काढून टाकले, एवढीच कारणे मालकाला चालतात. मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तीही चालत नाहीत. साधी चूक, घाई, घाबरणे हे भरपाई नाकारायचे कारण होऊच शकत नाही. आमच्या पोराने तर व्हॉल्व्ह बंद करून मालकाचे जहाज वाचवले होते.

त्या अंगठ्याच्या कागदाचे काय, असे बापाने आम्हाला अगदी हळू आवाजात विचारले. त्याला वाटत होते पोराने अंगठा देऊन सगळे घालवले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे, वकील नाही. पण कायद्याचे सतरावे कलम आम्हाला पाठ आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल. पुढे अठ्ठाविसावे आणि एकोणतिसावे कलम वाचा. परस्पर समझोता केला तर तो कमिशनरकडे नोंदवावा लागतो. नोंदवला नाही तर मालक पूर्ण रकमेला जबाबदार, आणि आधी दिलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त त्याला वळते करता येत नाहीत. म्हणजे त्या दयेच्या लाखातले पन्नास हजार वळते होतील, जास्त नाही. हे ऐकून तो म्हातारा प्रथमच खुर्चीला टेकून बसला.

जहाज कामगारासाठी आणखी काही सोयी त्या कायद्यात होत्या, ज्या फार थोड्यांना ठाऊक आहेत. अपघात जहाजावरच झाला आणि अपंगत्व जहाजावरच सुरू झाले तर वेगळी नोटीस द्यायची गरज नाही. दावा जहाजाच्या कप्तानावरही बजावता येतो. खलाशी मेला तर वारसाने बातमी कळल्यापासून एका वर्षात दावा करावा, जहाज सगळ्या माणसांसकट बुडाले तर अठरा महिन्यांत. ठेकेदारामार्फत लावलेल्या माणसासाठी मुख्य मालक जबाबदार, ‘तो आमचा नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. औषधपाण्याचा खरा खर्च २०१० पासून भरपाईहून वेगळा मिळतो. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण पटले नाही तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे १९९५ च्या दुरुस्तीपासून दावा कामगार जिथे राहतो तिथे दाखल करता येतो. अपघात परदेशात झाला तर खलाशाच्या बाबतीत कंपनीच्या वा तिच्या एजंटच्या गावी जाण्याचा रस्ताही आहे. पण आपल्या बंदरात भाजलेल्या माणसाला मुंबईची वारी करायची गरज नाही. जबलपूरचा पोरगा, जबलपूरचाच कमिशनर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रम संहिता लागू केल्या आणि १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेच्या पोटात गेला. त्या संहितांबद्दल आमचे म्हणणे सर्वांना ठाऊक आहे, इथे पुन्हा उगाळत नाही. एवढेच बघा की शंभर वर्षांचा कायदा मोडून नवा बांधताना सरकारला एक सुवर्णसंधी होती. इजांच्या यादीत भाजणे घालता आले असते. तोडलेल्या अवयवांची तीच जुनी यादी उचलून नव्या संहितेत ठेवली. ना. म. जोशी १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसत आणि एकेका शब्दासाठी भांडत. आज संसदेत आपल्यासाठी तसे भांडणारे किती उरले, ते ज्याचे त्याने मोजावे.

आमची मागणी साधी आहे. हाताच्या, चेहऱ्याच्या, सांध्यांच्या भाजण्याला यादीत स्वतःची जागा द्या. भाजलेल्याचे अपंगत्व निदान एक वर्ष होईपर्यंत कायमचे ठरवू नका, आणि तोवर पगार व औषधे चालू ठेवा. दाखल्यावर कातडीचा टक्का आणि कमाईचा टक्का वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. यात सरकारला तिजोरीतून पैसाही काढायचा नाही, छापखान्यात नवा फॉर्म छापायचा आहे.

तोवर आपण काय करायचे ते आपल्या हातात आहे. भाजल्याच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागदाची नक्कल ठेवा. हाताचे फोटो दर महिन्याला काढा, मूठ उघडी आणि मूठ मिटलेली. डॉक्टरला विचारा, ‘साहेब, हा माणूस त्याचे आधीचे काम करू शकेल का?’ आणि उत्तर लिहून मागा. रिकाम्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नको, अंगठा तर मुळीच नको. आणि दोन वर्षांच्या आत दावा लावा, कारण ती मुदत कुणासाठी थांबत नाही.

आमच्या पोराची मुदत संपायला दोन महिने उरले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये आम्ही त्याचा अर्ज इथेच दाखल केला, जुन्या कायद्याखाली, पूर्ण अपंगत्वाचा, व्याज आणि दंडासकट. कंपनीच्या वकिलाने पहिल्याच तारखेला तो पाच टक्क्यांचा दाखला पुढे केला. आम्ही पोराला म्हटले, समोर टेबलावर पेन आहे ते उचल. त्याने दोन्ही मनगटांत धरून उचलायचा प्रयत्न केला, पेन खाली पडले. ते उचलायला वकीलसाहेबच वाकले. पुढची तारीख लागली आहे.